धारातीर्थी पडलेला स्कॉटिश शिपाई: एका नावावरून त्याच्या घरापर्यंत

स्कॉटलंडमधल्या आडवाटेच्या खेड्यात गेलात तरी चर्चजवळ किंवा तिठ्यावर दगडी स्तंभ दिसतो आणि त्यावर पहिल्या महायुद्धात पडलेल्यांची नावं कोरलेली असतात. वस्ती एवढीशी आणि नावांची रांग भलीमोठी. आडनावंही तीच तीच: मॅकडोनाल्ड, कॅम्बेल, फ्रेझर, रॉस. एडिंबरा-ग्लासगोत स्थायिक झालेल्या मराठी माणसांना या नावांचं कुतूहल वाटतं. पुण्यात खडकीच्या वॉर सिमेट्रीत एखाद्या शिळेवर स्कॉटिश पलटणीचा बिल्ला पाहून थबकणारेही असतात. हा कोण, कुठला, घरी कोण होतं, हे शोधायचं तर सुरुवात कुठून करायची, त्यासाठी हा लेख आहे. मुख्य भर पहिल्या महायुद्धावर आहे, कारण बहुतेकांचा शोध तिथूनच सुरू होतो.

आधीच एक सांगून ठेवतो. नवखा माणूस लष्करी कागदांच्या मागे लागतो आणि तिथेच अडकतो. त्या शिपायांची निम्म्याहून अधिक लष्करी कागदपत्रं जळून गेली आहेत. स्कॉटलंडची जन्म-विवाह-मृत्यूची दप्तरं मात्र शाबूत आहेत आणि त्यांत जवळपास प्रत्येक दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं. सैन्यातला माग काढायला शिपायाचा नंबर लागतो आणि घराचा माग काढायला आईचं माहेर. या दोन गोष्टी हाती आल्या की बाकीचं चिकाटीचं काम.

आधी कागद-पेन्सिल, मग संगणक

स्तंभावर किंवा शिळेवर जे दिसतं ते जसंच्या तसं उतरवून घ्या. नाव, आद्याक्षरं, हुद्दा, नंबर, रेजिमेंट, तारीख, वय. शिळेच्या तळाशी एखादी ओळ असेल तर तीही. ही ओळ घरच्यांनी निवडलेली असते. त्यासाठी जास्तीत जास्त ६६ अक्षरं मिळत आणि सुरुवातीला दर अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारले जात, म्हणून ती इतकी काटकसरीने लिहिलेली दिसते.

इथे एक चकवा आहे. स्कॉटिश रेजिमेंटमधला प्रत्येक जण स्कॉटिश नव्हता. गॉर्डन हायलँडर्समध्ये लँकशायरचे गिरणी कामगारही भरती झाले. उलट, लंडन स्कॉटिश, लिव्हरपूल स्कॉटिश, टाइनसाइड स्कॉटिश या पलटणी इंग्लंडमध्ये उभ्या राहिल्या, पण त्यांत स्कॉटिश वंशाची माणसं होती. शिवाय युद्धाआधी कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेलेले कितीतरी स्कॉट तिथल्या सैन्यातून लढले. तुमचा माणूस यांपैकी असेल तर नशीबवानच म्हणायचे तुम्ही. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांनी पहिल्या महायुद्धातल्या आपल्या सैनिकांच्या फायली पूर्ण स्कॅन करून राष्ट्रीय अभिलेखागारांच्या संकेतस्थळांवर फुकट ठेवल्या आहेत. भरतीचा अर्ज, उंची, डोळ्यांचा रंग, आईचा स्कॉटलंडमधला पत्ता, सगळं एका बैठकीत मिळतं.

पहिली फेरी: कबर आणि स्मारक

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाका. ही संस्था १९१७ साली स्थापन झाली. पहिल्या महायुद्धासाठी ती ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू धरते आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. म्हणजे युद्ध थांबल्यावर दोन वर्षांनी जखमांनी गेलेलाही यादीत असतो. नुसतं जॉन मॅकडोनाल्ड असं टाकलंत तर पानंच्या पानं भरतील. रेजिमेंट आणि वर्ष टाकून गाळून घ्या. 'मॅक' आणि त्याचं आखूड रूप 'एमसी', दोन्ही प्रकारे शोधा. एकाच माणसाचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं असणं हे स्कॉटलंडमध्ये नेहमीचंच.

नोंदीत 'अधिक माहिती' असा भाग असतो. त्यात आईवडिलांची नावं, गाव, कधी बायकोचं नाव मिळतं. ही माहिती युद्धानंतर घरी पाठवलेल्या फॉर्मवरून घेतलेली आहे. कुटुंबाने फॉर्म परत पाठवला नसेल, किंवा घर बदलल्याने तो पोचलाच नसेल, तर जागा रिकामी राहते. रिकामी जागा दिसली म्हणून याला कुणी नव्हतं असं समजू नका.

याच पानाच्या खाली मूळ कागदांच्या प्रती असतात आणि नवखे लोक त्या उघडतच नाहीत. कबरींच्या नोंदीचा तक्ता, शिळेवरच्या मजकुराचा तक्ता, आणि क्वचित एका जागेवरून अवशेष हलवल्याचा अहवाल. या शेवटच्या कागदावर मृतदेह रणांगणात नेमका कुठे सापडला त्याचा नकाशासंदर्भ असतो आणि ओळख कशावरून पटली हेही लिहिलेलं असतं: गळ्यातली चकती, चमच्यावर कोरलेला नंबर, किल्टचा तुकडा.

कबरच नसेल तर नाव बेपत्तांच्या स्मारकावर असतं. फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढायांतल्या ७२,००० हून अधिक बेपत्तांची नावं थीपवालच्या स्मारकावर आहेत. फ्रान्समधल्याच लूसच्या स्मारकावर २०,००० हून अधिक आहेत आणि तिथे स्कॉटिश नावांची दाटी डोळ्यांत भरते. २५ सप्टेंबर १९१५ ला सुरू झालेल्या त्या लढाईत ९वी आणि १५वी या दोन स्कॉटिश डिव्हिजन पहिल्याच दिवशी पुढे होत्या.

यानंतर एडिंबरा किल्ल्यातल्या स्कॉटिश राष्ट्रीय युद्धस्मारकाची यादी पाहा. वास्तुविशारद सर रॉबर्ट लॉरिमर यांनी उभारलेलं हे स्मारक १९२७ च्या जुलैत खुलं झालं. पहिल्या महायुद्धाच्या त्याच्या नामावलीत जवळपास दीड लाख नावं आहेत आणि ती संकेतस्थळावर शोधता येतात. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, आई किंवा वडील स्कॉटिश असलेला, किंवा स्कॉटिश रेजिमेंटमध्ये लढलेला, असा त्यांचा नियम आहे. त्यामुळे कॅनडाच्या सैन्यात पडलेला स्कॉटही इथे सापडू शकतो. जन्मगाव बऱ्याचदा इथेच पहिल्यांदा कळतं.

नंबर आणि पलटण

१९२० पूर्वी शिपायाचा नंबर त्या रेजिमेंटपुरताच असायचा. तोच नंबर दुसऱ्या रेजिमेंटमध्ये दुसऱ्याच कुणाचा असू शकतो, म्हणून नंबर आणि रेजिमेंट नेहमी जोडीने लिहा. हायलँड रेजिमेंटांत नंबराआधी 'एस' अक्षर दिसलं तर तो बहुधा युद्धकाळात उभारलेल्या पलटणींसाठी भरती झालेला. टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ सैनिकांच्या पलटणींना १९१७ च्या सुरुवातीला नवे सहा आकडी नंबर दिले गेले. त्याआधीचे नंबर लहान होते. एकाच माणसाचे दोन नंबर दिसले की नवखे गोंधळतात आणि ही दोन माणसं आहेत असं ठरवून टाकतात.

रेजिमेंट कळली म्हणजे काम झालं असं नाही. एका रेजिमेंटच्या दहा-पंधरा पलटणी, म्हणजे बटालियन, असत. एक फ्रान्समध्ये, दुसरी मेसोपोटेमियात, तिसरी स्कॉटलंडमध्येच शिबिरात. तुमचा माणूस कुठल्या पलटणीत होता हे ठरल्याशिवाय पुढचं काहीच जुळत नाही. यासाठी ब्रिटिश युद्ध खात्याने १९२१ साली ८० भागांत छापलेली 'सोल्जर्स डाइड इन द ग्रेट वॉर' ही यादी उपयोगी. ती आता वंशावळीच्या सशुल्क संकेतस्थळांवर शोधता येते. तीत पलटण, जन्मगाव, भरतीचं गाव आणि मृत्यूचा प्रकार असतो: लढताना, जखमांनी, की आजाराने. दुसरा आधार पदकांच्या नोंदींचा. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात परदेशी रणभूमीवर गेलेल्या जवळपास प्रत्येकाचं पदक-कार्ड आहे. तो १९१५ संपण्याआधी परदेशी रणभूमीवर गेला असेल तर कार्डावर पहिल्यांदा पाऊल ठेवल्याची तारीख असते. ती नसेल तर तो १९१६ किंवा नंतर गेला, एवढं तरी नक्की होतं.

पलटण कळली की कधी कधी अख्खं शहर समोर उभं राहतं. १६वी रॉयल स्कॉट्स, म्हणजे 'मॅक्रेची पलटण', एडिंबरात उभी राहिली. तीत हार्ट्स या फुटबॉल संघाचे खेळाडू होते, त्यांचे चाहते होते, शेजारपाजारची पोरं होती. १ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत हॅरी वॅटी, डंकन करी आणि अर्नी एलिस हे तिघं खेळाडू एकाच दिवशी गेले. २००४ साली कॉन्तालमेझों या फ्रेंच गावात त्यांच्या पलटणीचं दगडी स्मारक बांधलं गेलं. अशा पलटणीतल्या साध्या शिपायाबद्दलही भरपूर लिहून झालेलं असतं. नेहमीच्या पलटणीतल्या एकट्या माणसाबद्दल तसं काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

जळालेलं दप्तर आणि त्यातून वाचलेलं

पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांच्या फायली लंडनमध्ये आर्नसाइड स्ट्रीटवरच्या गोदामात होत्या. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात ते गोदाम पेटलं आणि सुमारे ६० टक्के फायली गेल्या. उरलेल्यांना 'जळकी कागदपत्रं' असंच म्हणतात. अभिलेखागारात त्यांचा संदर्भ डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्ध खातं) ३६३. कडा जळालेल्या आणि पाण्याने शाई पसरलेली असली तरी फाइल वाचली असेल तर सोनं आहे. ती अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट या सशुल्क संकेतस्थळांवर दिसते. वर्गणी भरण्याआधी जवळचं सार्वजनिक ग्रंथालय गाठा. ब्रिटनमधल्या बऱ्याच ग्रंथालयांत यांपैकी एखादं फुकट बघता येतं. स्कॉट्स गार्ड्ससारख्या गार्ड्स रेजिमेंटांची कागदपत्रं वेगळी ठेवलेली होती, त्यामुळे ती या आगीतून सुटली. अधिकाऱ्यांचे कागदही निराळे, त्यांचे संदर्भ डब्ल्यूओ ३३९ आणि ३७४.

फाइल नसेल तरी दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक मृत शिपायासाठी तपासाच.

एक, शिपायाच्या शिल्लक पगाराची वही. तो गेल्यावर त्याच्या नावावर उरलेले पैसे कुणाला दिले, किती दिले, युद्ध-बक्षिसी किती मिळाली, हे त्यात ओळीने लिहिलं आहे. मूळ वह्या लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमकडे आहेत आणि अँसेस्ट्रीवर त्या बघता येतात. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि नातं इथे मिळतं: 'आई आणि एकमेव वारस, एलिझाबेथ'. बाप जिवंत असूनही आईला पैसे का गेले, की बाप आधीच वारला होता, असे प्रश्न इथूनच सुरू होतात. बक्षिसीची रक्कम नोकरीच्या महिन्यांवर ठरायची, म्हणून तिच्यावरून भरतीचा महिना अदमासे काढता येतो.

दोन, पेन्शनची कार्डं. ही साठ लाखांहून अधिक कार्डं ब्रिटिश सरकार नष्ट करणार होतं. वेस्टर्न फ्रंट असोसिएशन या हौशी अभ्यासकांच्या संस्थेने ती वाचवली आणि आता ती फोल्ड३ या संकेतस्थळावर आहेत. विधवेचं नाव, मुलांच्या जन्मतारखा, घराचा पत्ता, आणि तिने पुन्हा लग्न केलं असेल तर त्याची नोंद. पुनर्विवाहानंतर तिची पेन्शन थांबायची, म्हणून सरकार ही गोष्ट न चुकता लिहून ठेवायचं. आज आपल्याला तिचं नवं आडनाव त्यामुळेच मिळतं.

स्कॉटलंड्स पीपल: इथे वेळ घालवा

आता खरं काम. 'स्कॉटलंड्स पीपल' हे स्कॉटलंड सरकारचं अधिकृत संकेतस्थळ. सूची शोधणं फुकट आहे, मूळ पान उघडायचं तर क्रेडिट विकत घ्यावी लागतात. पानं मोजकी उघडा, पण उघडा. सूचीवर समाधान मानणारा फसतो.

स्कॉटलंडमध्ये जन्म-विवाह-मृत्यूची सक्तीची नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. इंग्लंडमध्ये ती आधी सुरू झाली असली तरी स्कॉटिश दाखल्यात मजकूर कितीतरी जास्त. जन्माच्या दाखल्यावर जन्माची वेळ, वडिलांचा व्यवसाय, आईचं माहेरचं आडनाव, आणि आईवडिलांचं लग्न कधी नि कुठे झालं तेही. लग्नाच्या दाखल्यावर वधू आणि वर या दोघांच्याही आईवडिलांची नावं, आयांच्या माहेरच्या आडनावांसकट. मृत्यूच्या दाखल्यावर मृताच्या आईवडिलांची नावं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत बाप-आजा-पणजा अशी पुरुषांची साखळी आधी हाती लागते. इथे प्रत्येक पायरीवर दोन साखळ्या हातात येतात, आणि बाईची साखळी पुरुषाच्या साखळीइतकीच पक्की असते.

वापरायचं कसं ते बघा. समजा शिपाई १९१६ मध्ये २३ वर्षांचा असताना गेला आणि कबरीच्या नोंदीत वडील अलेक्झांडर, आई जेसी असं आहे. म्हणजे जन्म १८९२-९३ च्या आसपास. त्या नावाचे, त्या परगण्यातले जन्म सूचीत पाच-सहा निघतील. सगळ्यांची पानं विकत घेऊ नका. आधी १९०१ ची जनगणना बघा आणि अलेक्झांडर-जेसीच्या घरात त्या वयाचा मुलगा कुठल्या गावी आहे ते शोधा. जनगणनेत प्रत्येकाचं जन्मगाव असतं, त्यावरून योग्य जन्म निवडा आणि तेवढं एकच पान उघडा. त्यावर आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि गाव मिळेल. लग्नाचं पान उघडलंत की दोन्हीकडचे आजी-आजोबा आले. तीन पानांत तीन पिढ्या.

जेसी नाव जन्माच्या दाखल्यावर जॅनेट निघालं तर दचकू नका, स्कॉटलंडमध्ये जेसी म्हणजे बहुधा जॅनेटच. तसंच ॲग्नेसची नॅन्सी, हेलनची नेली, मार्गारेटची पेगी. गेलिक बोलणाऱ्या भागात तर माणूस घरी इयान आणि कागदावर जॉन. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं नाव ठेवायची चाल अनेक घरांत होती. नियम म्हणून तिच्यावर विसंबू नका, पण दोन पर्यायांत अडकलात तर कौल तिच्याकडून घ्यायला हरकत नाही.

१९११ च्या जनगणनेत विवाहित बाईला लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली आणि किती हयात आहेत हे विचारलं होतं. शिपायाची किती भावंडं लहानपणीच गेली ते या एका रकान्यात दिसतं. १९२१ ची स्कॉटिश जनगणना नोव्हेंबर २०२२ मध्ये खुली झाली आणि ती फक्त स्कॉटलंड्स पीपलवरच आहे. इंग्लंडची १९२१ ची जनगणना दुसऱ्या संकेतस्थळावर आहे, तिथे शोधून वेळ घालवू नका. मुलगा गेल्यावर घराचं काय झालं, विधवा माहेरी परतली का, भाडेकरू ठेवला का, हे इथे कळतं. या दोन जनगणनांच्या मधला दुवा म्हणजे १९१५ ची घरभाड्याच्या मूल्यांकनाची वही. तीत घरमालक आणि भाडेकरू यांची नावं असतात, म्हणजे युद्धाच्या ऐन काळात ते कुटुंब कुठल्या गल्लीत राहत होतं ते समजतं.

जन्माच्या दाखल्यावर वडिलांचा रकाना कोरा असू शकतो. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांची संख्या ईशान्य स्कॉटलंडच्या शेतीच्या भागात चांगली मोठी होती आणि तिथे त्याचा फारसा बाऊही होत नसे. अशा वेळी बापाचं नाव तो स्वतः सही करायला आला असेल तरच दाखल्यावर येतं. मात्र समासात 'दुरुस्ती नोंदवही'चा उल्लेख असेल तर तो जरूर पाहा. न्यायालयात पितृत्व सिद्ध झालं असेल तर बापाचं नाव त्या वहीत सापडतं. अशा प्रकरणांचा उल्लेख कधी चर्चच्या सभांच्या इतिवृत्तांतही मिळतो. ती स्कॅन झालेली आहेत, पण जुनी लिपी वाचायला वेळ लागतो. ग्लासगोचं गरीब कुटुंब असेल तर मिचेल लायब्ररीतले दारिद्र्य-साहाय्याचे अर्ज हा वेगळाच खजिना आहे. मदत मागायला आलेल्याची अख्खी कुटुंबकथा कारकून लिहून घेत असे. माझ्या मते त्या शहरातल्या कष्टकऱ्यांबद्दल याहून चांगला कागद दुसरा नाही.

याच संकेतस्थळावर शिपायांची मृत्युपत्रंही आहेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे अशी सुमारे ३१,००० असून त्यांतली साधारण २६,००० पहिल्या महायुद्धातली. पगारपुस्तिकेतल्या एका पानावर शिपायाने खंदकात जायच्या आधी चार ओळी लिहिलेल्या असतात: माझं जे काही असेल ते सगळं आईला द्यावं, पुढे पत्ता आणि सही. त्याचं हस्ताक्षर बघायला मिळण्याची बहुधा हीच एक जागा.

तिथे 'युद्ध नोंदवही'ही आहे, पण तीत सगळ्यांचे मृत्यू नाहीत आणि कुटुंबाबद्दल बऱ्याचदा त्रोटक लिहिलेलं आहे. मात्र माणूस स्कॉटलंडमध्येच मेला असेल, इस्पितळात, शिबिरात किंवा अपघातात, तर त्याचा नेहमीचा मृत्यूचा दाखला असतो आणि त्यावर आईवडील असतात. २२ मे १९१५ ला ग्रेटनाजवळ क्विंटिन्सहिल इथे ७व्या रॉयल स्कॉट्सच्या सैनिकांची आगगाडी धडकून पेटली. दोनशेहून अधिक माणसं गेली, पलटणीची हजेरीपटाची वहीही जळाली. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर निघालेली ही मुलं आपल्याच देशात मेली आणि लीथजवळच्या रोझबँक दफनभूमीत पुरली गेली. तेव्हा युद्धात गेला म्हणजे परदेशातच गेला असं धरून चालू नका.

तो दिवस

पलटणीची युद्धरोजनिशी, संदर्भ डब्ल्यूओ ९५, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. साध्या शिपायाचं नाव तीत जवळजवळ कधीच नसतं. अधिकारी मेला तर नाव, शिपाई मेले तर आकडा. पण त्या दिवशी पाऊस होता का, पलटण खंदकात होती की मागे विश्रांतीला, हल्ला किती वाजता झाला, एवढं कळतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर खंदकांचे जुने नकाशे फुकट आहेत, ते रोजनिशीशेजारी उघडून वाचा.

शिपायाचं नाव वाचायचं असेल तर स्थानिक वर्तमानपत्रं. गावोगावची साप्ताहिकं पडलेल्यांची छायाचित्रं छापत. तो कुठे कामाला होता, कुठल्या शाळेत शिकला, किती भाऊ सैन्यात आहेत, हेही देत. ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्हवर शोधताना नावाऐवजी रस्त्याचं नाव टाकून बघा, छपाई पुसट असली की यंत्राला नावं नीट वाचता येत नाहीत. मृत्यूनंतरचे तीन-चार महिने आणि पुढच्या वर्षांतली पुण्यतिथीची निवेदनं, दोन्ही पाहा. माणूस पकडला जाऊन कैदेत मेला असेल तर आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसची युद्धकैद्यांची कार्डं आहेत, ती फुकट आहेत.

रेजिमेंटच्या संग्रहालयाला पत्र लिहा, पण आपलं घरचं काम करून मगच. ब्लॅक वॉचचं पर्थच्या बालहाउसी किल्ल्यात, गॉर्डन हायलँडर्सचं ॲबर्डीनला, सीफोर्थ आणि कॅमेरॉन यांचं फोर्ट जॉर्जला, अर्गाइल्सचं स्टर्लिंग किल्ल्यात. नंबर, पलटण आणि तारीख देऊन नेमका प्रश्न विचारला तर नेमकं उत्तर मिळायची शक्यता जास्त.

खडकीहून सुरुवात करणाऱ्यांसाठी

मुळा रोडवरच्या खडकी वॉर सिमेट्रीतल्या कबरी प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धातल्या. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कायमची देखभाल शक्य नव्हती तिथून त्या इथे हलवल्या गेल्या. म्हणजे शिळा खडकीत असली तरी मृत्यू भलत्याच गावी झालेला असू शकतो. तिथेच पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. भारतातल्या नि आजच्या पाकिस्तानातल्या नागरी आणि छावणीच्या दफनभूमींत पुरलेल्या, पण आता कबर सांभाळणं शक्य नसलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावं त्यावर आहेत.

दुसऱ्या महायुद्धात स्कॉटिश पलटणी महाराष्ट्रात येण्याचं एक मोठं कारण म्हणजे दुसरी ब्रिटिश डिव्हिजन. ती १९४२ पासून तेव्हाच्या अहमदनगर परिसरात होती आणि तीत १ली रॉयल स्कॉट्स आणि १ली कॅमेरॉन हायलँडर्स होत्या. १९४४ मध्ये हीच डिव्हिजन कोहिमाला लढली. त्यामुळे खडकीत आजाराने किंवा अपघाताने गेलेल्या शिपायाचा जोडीदार कोहिमाच्या दफनभूमीत सापडला तर नवल नाही.

भारतातल्या दफनाची चर्चमधली नोंद हवी तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात बघावं लागतं. मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा-विवाह-दफन नोंदींचा संदर्भ एन/३. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या संस्थेची सूची फुकट आहे, तिथून सुरुवात करा. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या सेवा-फायली ब्रिटिश संरक्षण खात्याकडून २०२२ पासून राष्ट्रीय अभिलेखागारात हलवल्या जात आहेत. त्या आर्नसाइड स्ट्रीटच्या आगीतल्या नव्हेत.

आणखी मागे, २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईपर्यंत जायचं तर ७४व्या आणि ७८व्या हायलँडर्सचे हजेरीपट क्यूला आहेत, संदर्भ डब्ल्यूओ १२. त्या काळात सक्तीची नोंदणी नव्हती, फक्त चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदी. गावाचं नाव आधी माहीत नसेल तर त्या वाटेला नवख्याने जाऊ नये.

भावंडं आणि आजचे वारस

शिपाई बहुधा अविवाहित गेलेला असतो. त्यामुळे आजचं कुटुंब शोधायचं म्हणजे त्याच्या भावंडांच्या, विशेषतः बहिणींच्या वंशात उतरायचं. बहिणीचं लग्न सापडलं की नवं आडनाव, मग तिच्या मुलांचे जन्म. जन्माची पानं १०० वर्षं, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षं ऑनलाइन दाखवत नाहीत, त्यानंतरच्या काळासाठी दाखल्याची अधिकृत प्रत मागवावी लागते. बहिणींची वाट आणखी एका कारणासाठी मोलाची. बेपत्ता सैनिकाचे अवशेष सापडले की ब्रिटिश संरक्षण खात्याचा एक विभाग नातेवाइकांचे डीएनए नमुने मागवतो. आईकडून मुलांना मिळणारा मायटोकाँड्रियल डीएनए पुढे फक्त मुलींकडून जातो. बहिणीच्या मुलीची मुलगी तेव्हा पुतण्याच्या मुलापेक्षा जास्त कामाची ठरते.

इंटरनेटवरच्या तयार वंशवृक्षांवर विश्वास ठेवू नका. एकाने चुकीचा जॉन जोडला की पन्नास जण तो उचलतात. पुराव्याचं पान स्वतः पाहिल्याशिवाय एकही नाव आपल्या वहीत पक्क्या शाईने लिहू नका.

हयात माणसं सापडली तर त्यांची नावं, पत्ते, जन्मतारखा कुठेही टाकू नका. अनोळखी घरी एकदम फोन करण्याऐवजी साधं पत्र लिहा, नाहीतर गावच्या इतिहास मंडळामार्फत निरोप पाठवा. लग्नाबाहेरचा जन्म, पळपुटेपणाची शिक्षा, वेड्यांच्या इस्पितळातली नोंद असं काही हाती लागलं असेल तर पहिल्या पत्रात ते नको. समोरचे विचारतील तेव्हा सांगा.

सापडलेलं कुणाला कळवायचं

चूक सापडली किंवा नवा पुरावा हाती आला तर वॉर ग्रेव्ह्ज कमिशनला कळवा, ते नोंदी दुरुस्त करतात. ब्लॅक वॉचच्या ८व्या पलटणीचे कॅप्टन फर्गस बोज-लायन, पुढे राणी झालेल्या एलिझाबेथ बोज-लायन (राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या आई) यांचे भाऊ, लूसच्या लढाईत २७ सप्टेंबर १९१५ ला पडले. अनेक दशकं त्यांचं नाव बेपत्तांच्या स्मारकावर होतं. त्यांना व्हर्मेलजवळच्या खाणीत पुरलं होतं असं दाखवणारे घरचे कागद नातवाने पुढे आणले आणि २०१२ मध्ये क्वारी सिमेट्रीत त्यांच्या नावाची शिळा बसली. राजघराण्याशी नातं असलेल्या माणसाबाबतही हे व्हायला ९७ वर्षं लागली. कमिशनला लिहिताना दाखल्यांच्या प्रती, संदर्भ क्रमांक आणि पानं जोडा. नाव यादीत मुळीच नसेल तर मृत्यूचा दाखला आणि मृत्यूचं कारण लष्करी सेवेशी जोडणारा कागद, दोन्ही लागतात. एडिंबराच्या स्मारकाकडे नाव सुचवायचं तर स्कॉटिश जन्म किंवा आईवडिलांपैकी एकाचा स्कॉटिश जन्म, नाहीतर स्कॉटिश रेजिमेंटमधली सेवा दाखवावी लागते. जन्माचा पुरावा स्कॉटलंड्स पीपलवर उघडलेल्या त्या पानांत तुमच्याकडे आलेला असतोच, म्हणून ती पानं पहिल्या दिवसापासून नीट नावं देऊन साठवून ठेवा.